बाजूच्या सीटचा पट्टा

२३ ऑगस्ट, शनिवार

आणली!

लाल टर्बो. सेकंड हँड आहे, पण अंगावर एक ओरखडा नाही, आणि इंजिन असं की पायाचं बोट जरासं दाबलं तरी पाठ सीटला चिकटते. नागपूरहून खरं तर कालच निघाले होते. पण पोळ्याचा दिवस — प्रत्येक गावात रस्त्यावर सजलेले बैल, मागे ढोल, त्यामागे पोरं. असली गाडी घेऊन बैलांच्या मागे मागे सरकायचं म्हणजे! लॅबमधली चंचल भंडाऱ्याला माहेरी होती, तिच्याकडे झोपले आणि पहाटेच निघाले. रिकामा रस्ता. काय पळते!

मुर्रीच्या शिवेवर आले तर नारबोद निघालेली. विसरलेच होते मी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता सगळं गाव पळसाच्या फांद्या, मोडके झाडू, आजाऱ्याच्या अंगावरून उतरवलेल्या चिंध्या घेऊन शिवेपलीकडे जातं आणि रोगराई नेणाऱ्या म्हातारीच्या नावाने तिथे सगळं जाळून येतं. "खासी-खोकला घेऊन जाय गे नारबोद!" बाबाही होते. बाबा एक वर्ष चुकवत नाहीत. राईस मिलमध्ये उभा जन्म गेला, कोंड्याची धूळ छातीत बसली ती बसलीच. मी स्वतः लॅबमध्ये त्यांची थुंकी तपासते — टीबी नाही, काही नाही, नुसता खोकला. दोनदा छोटा, मग थांबतो, मग एक लांब, शेवटी पातेल्याचा तळ खरवडल्यासारखा. लहानपणापासून त्या आवाजावर झोपत आले आहे.

मी ऐटीत गाडी थांबवली. उतरले, फिरून आले, बाजूचं दार उघडून धरलं. "बसा नं, घरी चला!"

बाबा थांबलेच नाहीत. "आज नाई बसत. नारबोदीहून पायीच येत असतेत. मांगं पायत नसतेत." आणि समोर बघत सरळ निघून गेले. मी दार धरून उभी. गावची माणसं एकेक करून बाजूने गेली, गाडीकडे कोणी मान वळवली नाही. असा पोपट झाला माझा! शेजारच्या रुख्माबाई काकी तेवढ्या पुढून ओरडल्या, तेही मागे न बघता — "दार लाव वं आचल! उघडं कायले ठेवलं?"

लावलं. निघाले. लगेच टिंग टिंग टिंग — बाजूच्या सीटचा पट्टा लावा म्हणून. सीटवर काही ठेवलं असेल म्हणून पाहिलं. काही नव्हतं. पर्स मागे होती.

घरी आईने चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला, गाडीला कुंकू लावलं. बाबांनी पायावर पाणी घेतलं आणि ओट्यावर बसून अट सांगितली. "दिवाळीलोक चालव. तुह्या पगारात भागली तं ठेव. नाई तं इकून टाकजो. घरातून पेट्रोलले एक रुपया भेटणार नाई."

चालेल. पगार माझा, हप्ता माझा, गाडी माझी. बघाच तुम्ही.


२४ ऑगस्ट, रविवार

धुतली. पुसली. परत धुतली. आई म्हणते, एवढी अंघोळ तू सोता कधी केली नाई.


२६ ऑगस्ट, मंगळवार

गाडीने कामाला गेले. गोंदियाकडच्या आमच्या गोरेगावच्या रस्त्याला दोन्हीकडे हिरवं धान, मधून आपली लाल गाडी. ट्रॅक्टर, एसटी, सगळे मागे. लॅबचे डॉक्टर साहेब दारात उभे होते, म्हणाले, "आचल, तुला आम्ही पगार जास्त देतो की काय?" हसले. मनातल्या मनात त्यांना दोन शिव्या घातल्या.

टिंग टिंग मात्र अख्ख्या रस्त्याने. आणि एसी लावला की धुराचा वास येतो, ओला पाला जळल्यासारखा. शिवेवरचा धूर आत शिरला असणार. काचा उघड्या ठेवून आले.

दुपारी चंचलला चक्कर मारून आणली. ती बसली, पट्टा लावला, गाडी गप्प. ती उतरली — टिंग टिंग टिंग. "कोनाले बसवून ठेवलं वं?" म्हणाली आणि खिदळत आत गेली.


२८ ऑगस्ट, गुरुवार

गुड्डू मिस्त्रीकडे नेली. गोंदियात असल्या गाडीला हात लावायला दुसरं कोणी धजत नाही. त्याने सीट उचलली, खालच्या वायरी पाहिल्या, फुंकर मारली. स्वतः बसला, उठला, परत बसला. तो बसून पट्टा लावला की शांत. उठला की सुरू. सीटवर हात फिरवून म्हणाला, "सेन्सर का लफडा है दीदी. इसको लगता है कोई बैठा है."

नवीन सेन्सरची किंमत ऐकून माझाच आवाज बंद झाला. तेवढ्यात माझा महिन्याचा पेट्रोलचा खर्च निघेल. गुड्डूने मग फुकटचा उपाय सांगितला — रिकाम्या सीटचा पट्टा लावून टाकायचा. खटकन लावला. आवाज बंद.

किती सोपं होतं!


३० ऑगस्ट, शनिवार

एक गोष्ट लिहून ठेवते, उद्या हसायला बरी.

रिकाम्या सीटवर पट्टा लावला की तो सीटला चिकटून सपाट पडायला हवा. सकाळी लावला तेव्हा तसाच पडला होता. परत येताना फाटकापाशी गाडी थांबली, सहज नजर गेली. पट्टा सीटपासून सुटून पुढे आला होता. वरून तिरपा, खाली मांडीपाशी आडवा, मध्ये हातभर जागा. बारीक अंगाच्या माणसाला बसेल तेवढी.

मी हाताने दाबून मागे केला. गेला. घरापर्यंत परत तिकडे पाहिलं नाही.


१ सप्टेंबर, सोमवार

आईच्या लक्षात आलं, माझ्या नाही. मी लेक, आणि वर लॅबवाली!

सकाळी भाकरी थापताना म्हणाली, "तुह्या बाबाचा खोकला आयकला का तू?" मी म्हटलं, नाही. "पोळ्यापासून नाई. मले त झोपच नाई लागून राहिली. लई सुनं सुनं वाटते."

बाबांना विचारलं. तेही चकित. छातीवर हात ठेवून म्हणाले, "हलकं वाटून राहिलं." काल सायकलने गोंदियाला जाऊन आले, मध्ये कुठेही न थांबता. माझ्या आठवणीत बाबा कधी पूर्ण वाक्य न खोकता बोललेच नव्हते. आज जेवताना मिलमधल्या जुन्या मालकाची लांबलचक गोष्ट सांगितली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मी पाण्याचं निमित्त करून उठले. डोळे भरून आले होते.


६ सप्टेंबर, शनिवार

पगार झाला. पगार गेला.

हप्ता तर ठरलेलाच. विमा — माझं वय पाहून आणि इंजिन पाहून त्यांनी जो आकडा सांगितला, तो ऐकून मी फोनवर दोनदा "काय?" म्हणाले. आणि पेट्रोल! ही साधं पीत नाही, भारीतलं लागतं. तेही किती? विकणाऱ्याने सांगितलेल्या ॲव्हरेजच्या निम्म्याच्या जवळ. मी एवढी काही दाबत नाही. दाबते, पण एवढी नाही.

गुड्डूने प्लग पाहिले, फिल्टर पाहिलं, हवा पाहिली. काही सापडलं नाही. मग डावीकडचं टायर दाखवलं. एकटं तेच झिजलंय. "सवारी ढोती हो क्या दीदी? ऐसा लगता है इस साइड रोज कोई भारी आदमी बैठता है."

मी म्हटलं, एकटीच असते. तो टायरकडे बघत राहिला, मग हात पुसायला लागला.

या महिन्यात पार्लर नाही, बाहेरचा चहा नाही, चंचलच्या वाढदिवसाला घरचे लाडू. बाबांना दाखवूनच देणार आहे.


१४ सप्टेंबर, रविवार



सकाळी गाडी अंगणात चालू करून ठेवली, काच पुसायला फडकं आणायला आत आले. बाबा स्वयंपाकघरात पाटावर बसून चहा पीत होते, आई चुलीपाशी. बाहेर गाडी खोकली. इंजिन अडखळलं की खोकल्यासारखं वाजतंच, सगळेच म्हणतात गाडी खोकते. पण ही दोनदा छोटं खोकली. थांबली. मग एक लांब, शेवटी खरवडत.

आई चुलीवरून मान वर न करता म्हणाली, "आला वाटते तुह्या बाबाचा खोकला वापस."

आणि मग तिने पाहिलं की बाबा तिच्या समोरच बसलेत. बशी ओठाला लावलेली.   बाहेर परत दोनदा छोटा, थांबून एक लांब.

बाबांनी बशी खाली ठेवली. "हा माहा होय," म्हणाले. एवढंच. ओळखीच्या माणसाला रस्त्याच्या पलीकडे पाहावं तसं त्यांनी दाराकडे पाहिलं.

मी जाऊन गाडी बंद केली. पट्टा पुढे आलेला होता.


१५ सप्टेंबर, सोमवार

मी विज्ञानाची पोरगी आहे. रोज लोकांच्या रक्तात काय आहे ते कागदावर लिहून देते. तरी आज रुख्माबाई काकींकडे गेले. आईनेच ढकललं.

काकी धान निवडत होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं. "नारबोदीच्या दिशी दार उघडलं तव्हा काय म्हनली तू?"

"बसा म्हटलं. बसा नं, घरी चला."

"बाबा म्हनली का पयले?"

आठवून पाहिलं. नाही. नुसतं बसा.

"मंग ज्याले बसाचं होतं ते बसलं," काकी म्हणाल्या आणि सुपातला खडा काढून बाजूला टाकला. "गाव सारं मांगं न पाहता येते ते कायले? ते जे सोडून येते, त्याले वाट दिसू नाई म्हनून. तू त गाडी घेऊन गेली घ्याले."

मी विचारलं, मग आता? म्हणाल्या, नारबोदीने नेलेलं नारबोदच नेते. पुढच्या पोळ्याला.

पुढचा पोळा! मी दिवाळीपर्यंत कशी ओढू या विचारात आहे.


२१ सप्टेंबर, रविवार

हसायचं तर हसा. शिवेवर जाऊन बाजूचं दार उघडलं, पट्टा सोडला आणि "उतरा" म्हटलं. हात जोडून म्हटलं. "उतरा बाई," असंही म्हटलं. मोटारसायकलवाला एक जण थांबून बघून गेला.

दार लावलं. टिंग टिंग टिंग.


२ ऑक्टोबर, गुरुवार — दसरा

गाडीला झेंडूचा हार घातला. सोनं वाटलं. बाबांनी पूजा केली, पण डाव्या बाजूला गेले नाहीत. आईने दोन लिंबं ठेवली, एक नेहमीचं आणि एक बाजूच्या सीटवर. संध्याकाळपर्यंत सीटवरचं वाळून काळं पडलं.

खरं लिहिते. ही गाडी मला परवडत नाही. डॉक्टरांकडून उचल घेतली आहे, ते आईला माहीत नाही. हप्ता उशिरा गेला, बँकेतून एका बाईचा गोड आवाजात फोन आला. बाबा जिंकले म्हणून सांगायला माझी ना नाही.

पण विकू कशी? गाडी गेली आणि ते मात्र उतरून घरात आलं तर? बाबा काल रात्रभर शांत झोपले. आई दारात उभी राहून नुसतं त्यांचं झोपणं बघत होती. आणि ते गाडीसोबतच गेलं, तर ज्याच्या घरी जाईल त्याच्या घरी कोणाच्या छातीत बसेल?

ठेवणं परवडत नाही, विकणंही परवडत नाही. अशी गोची आहे.


९ ऑक्टोबर, गुरुवार

आज बाबांशी भांडले. आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या मोठ्याने.

आईने त्यांना सगळं सांगितलं — काकींचं म्हणणं, उचल घेतलेली, सगळं. उचलीचं कसं कळलं कोण जाणे, चंचलच असणार. मी कामावरून आले, गाडी अंगणात लावून उतरले तर बाबा समोर उभे. नवीन धोतर, डोक्याला टोपी. कुठे लग्नाला निघाल्यासारखे.

"मले बसू दे."

"कुठे?"

"मांगच्या वक्ताले बसलो नाई, आता बसतो. ते माहं आहे. माहं माह्याजवळ येऊन जाईन, तुही गाडी मोकळी होईन. पोरीच्या पगारावर कायले बसवून ठेवू त्याले?" इतकं शांतपणे म्हणाले, जसं काही कोणाकडे विसरलेली छत्री आणायची आहे.

आणि डावीकडे चालायला लागले. मी बटण दाबलं. चारही दारं खटकन लागली. बाबांनी दांडी ओढली. परत ओढली. मी किल्ली मुठीत धरून रडत होते आणि ओरडत होते, तुम्ही बसायचं नाही, बसायचं नाही. बाबा दांडी ओढतच होते. "उघड वं. उघड नं."

आतून टिंग टिंग सुरू झालं. इंजिन बंद, किल्ली माझ्या हातात. पट्ट्याची कडी उघडली गेली होती. जागा करून देत असल्यासारखी.

बाबांनी हात काढला. दोन पावलं मागे आले.

"इकून टाक," म्हणाले. आवाज बसला होता. मी कान टवकारून ऐकत राहिले, आता खोकतील, आता खोकतील. नाही खोकले.


१२ ऑक्टोबर, रविवार

गाडी बघायला आमगावचा एक जण आला. ओमेश. माझ्याच वयाचा, नुकताच नोकरीत कायम झालाय. गाडीभोवती फिरताना त्याचा चेहरा पाहिला आणि मला ऑगस्टमधली मी दिसले. बोनेटवर हात ठेवला तोही पोटच्या पोरावर ठेवावा तसा.

मी हिशेब सांगायला लागले — पेट्रोल, विमा, टायर. तो ऐकतच नव्हता. "भागवून घेईन नं मी," म्हणाला. अगदी माझंच वाक्य!

मग म्हणाला, "पयले आईलेच पुढं बसवून डोंगरगडले देवीच्या दर्शनाले नेतो. तिनं आतालोक एसटीच पायली."

माझ्या तोंडून निघालं, "गाडी आत्ता देता येणार नाही. थोडं काम आहे. ते झालं की देते." त्याचं तोंड एवढंसं झालं. पण त्याच्या आईला त्या सीटवर कशी बसवू मी?

संध्याकाळी परत काकींकडे. आज त्या वैतागल्या. "उतरा म्हनून नाई उतरत ते. आपन उतराचं. शिवेवर गाडी सोडाची, दारं उघडी ठेवाची, पायी याचं. मांगं नाई पाहाचं. जे नारबोदीले करतेत, तेच."

"आणि गेलं नाही तर?"

"गेलं का नाई ते मांगं पाहून कळते. आन मांगं त पाहाचं नसते."


१५ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी करून आले.

धुकं होतं. दोन्हीकडे धान पिवळं पडलंय, लोंब्या वाकल्यात. ज्या जागी नारबोद जाळली होती, तिथे अजून काळा डाग आहे, गवत उगवलेलं नाही. बरोबर तिथेच गाडी लावली. किल्ली आतच ठेवली. गुड्डूला सांगून ठेवलं होतं, नंतर येऊन ने. चारही दारं उघडली. बाजूचा पट्टा मी स्वतः सोडला. हाताला पट्टा गार लागला आणि जरा ओलसर.

काही म्हटलं नाही. "उतरा" नाही, काही नाही. पाठ फिरवली आणि चालायला लागले.

टिंग टिंग मागून येत होतं. मी रस्त्याने न जाता शेताच्या धुऱ्यावरून, बांधाबांधाने निघाले, जवळ पडतं. दव, चिखल, पाय सरकत होता. अशा वेळी मागे आई असते माझ्या नेहमी. सवयीने तोंडातून निघालं — सांभाळून या, घसरतं. मग माझं मलाच हसू आलं.

थोडं पुढे गेले आणि आवाज थांबला.

बंद झाला! मान वळवायची इतकी इच्छा झाली. नाही वळवली. घर आलं. बाबा ओट्यावर बसून दात घासत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं, मग परत माझ्याकडे. मी विचारलं, "कसं वाटतं?" चूळ भरून म्हणाले, "मस्त."

संध्याकाळी गुड्डूचा फोन. "दीदी, सेन्सर अपने आप ठीक हो गया. गाडी मक्खन जैसी चल रही है."


१८ ऑक्टोबर, शनिवार — धनत्रयोदशी

दिली.

लोक आज घेतात, मी आज विकली. ओमेशची आई सोबत आली होती. ती पुढे बसली, पट्टा लावायला जमेना, मी वाकून लावून दिला. खटकन बसला. अंगाला नीट, सपाट. मी कितीतरी वेळ पट्ट्याकडेच बघत होते. तिला वाटलं असेल, पोरीला गाडीचं वाईट वाटतंय.

तेही वाटत होतंच. वळणावर लाल दिवे दिसेनासे झाले तेव्हा आत जाऊन रडले. खोटं कशाला लिहू.

डॉक्टरांची उचल फिटली. बँकेतल्या गोड आवाजाच्या बाईला आता माझी आठवण येणार नाही. बाबांनी पाठीवर हात ठेवला. "दिवाळीलोक म्हनलो होतो, तू दोन दिस पयलेच हरली." म्हणाले आणि हसले, पोटभर, एकदाही न खोकता.


२२ ऑक्टोबर, बुधवार

ओमेशने फोटो पाठवलाय. डोंगरगडच्या पायथ्याशी गाडी, आई पुढच्या सीटवर, काचेतून हात हलवतेय. खाली लिहिलंय, ॲव्हरेज जोरदार भेटून राहिलं ताई.

बाबा फराळाचे लाडू तोडतायत. घर सुनं सुनं आहे. आईलाही आता त्याची सवय झाली आहे.


२७ ऑक्टोबर, सोमवार

दिवाळीनंतर पहिला दिवस. एसटीने गोरेगावला. गाडी खचाखच, दांडीला लोक लटकलेले, पण माझ्या बाजूची खिडकीची जागा रिकामी आणि कोणी बसेना. एका बाईला मी म्हटलं, बसा. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी तिला कोणाच्या मांडीवर बसायला सांगितलं. कंडक्टर आला. "दोन हाफ नं?" मी म्हणणार होते, एकटीच आहे. तेवढ्यात तो खिडकीकडे बघत म्हणाला, "आजीबाईचं आधार कार्ड असन तं दाखवा. पंचाहत्तरच्या वर गेल्या असतीन तं त्यायचं फुकट होते." धुराचा वास येत होता. घरी बाबा अजून झोपलेले असतील, शांत. पुढचा पोळा दूर आहे. मी जरा अलीकडे सरकून बसले आणि पैसे काढले. "कार्ड नाही. दोन हाफच द्या." दोन हाफ म्हणजे एक फुल. एवढं परवडतं मला.